टायरला काय लावावे, रंगावर काय फिरवावे

मागच्या हिवाळ्यात ताम्हिणी घाट उतरून माणगावला चहासाठी थांबलो, तेव्हा पुढच्या चाकामागच्या पत्र्यापासून दाराच्या निम्म्या उंचीपर्यंत तेलकट ठिपक्यांची एक तिरपी रांग उमटलेली दिसली. गाडी गडद निळी आहे. घाटातली धूळ चिकटून प्रत्येक ठिपक्याभोवती करडी कडा तयार झाली होती. ओल्या फडक्याने पुसल्यावर ठिपके गेले नाहीत, उलट पसरले. निघण्यापूर्वी एका वॉशिंग सेंटरवर गाडी धुऊन घेतली होती आणि तिथल्या मुलाने चाके ओली असतानाच स्प्रे मारून टायर काळेभोर चमकवून दिले होते. ते पॉलिश रबरावर बसलेच नव्हते. रस्त्याला लागल्यावर चाकाने ते पत्र्यावर भिरकावून दिले.

त्या दिवसापासून टायरचे पॉलिश आणि बफिंगचे, म्हणजे मशीनने रंग घासून चमकवण्याचे, पॅड या दोन वस्तू केवळ दुकानदाराच्या शिफारशीवर घेणे मी बंद केले. दोन्हींची निवड वरवर किरकोळ वाटते. पण एक वस्तू रबरावर काहीतरी ठेवून जाते आणि दुसरी रंगावरून काहीतरी काढून नेते. काय ठेवले आणि काय नेले हे ठाऊक नसेल, तर महागातली बाटलीही गाडीचे नुकसान करू शकते. गाडी स्वतःच्या हाताने सांभाळणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून मला उमगलेले इथे सविस्तर लिहीत आहे.

आधी टायरविषयी. टायरचा काळा रंग कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे काजळीसारख्या बारीक पुडीमुळे, येतो. अगदी सुरुवातीच्या मोटारींचे टायर फिकट, पांढुरके असत. कार्बन ब्लॅक मिसळल्यावर रबराची झीज कमी होते हे लक्षात आल्यानंतर काळे टायर रूढ झाले. हाच कार्बन ब्लॅक उन्हातले अतिनील किरणही शोषून घेतो, त्यामुळे ‘उन्हापासून संरक्षण’ या बाटलीवरच्या दाव्याला मी फारसे महत्त्व देत नाही. रबराचा दुसरा शत्रू हवेतला ओझोन. त्याच्यापासून बचाव व्हावा म्हणून टायर बनवतानाच रबरात काही रसायने आणि मेण मिसळलेले असते. चाक फिरताना रबर दबते, ताणले जाते आणि ते मेण हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरते. महिनोन् महिने एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला बारीक भेगा लवकर पडतात, त्याचे एक कारण हेच आहे.

या रसायनांचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर जो तपकिरी थर दिसतो, त्याला आपण मळ समजतो. तो पूर्ण वाईट नसला, तरी त्याच्यावरच पॉलिश लावले तर ते धरत नाही. म्हणून टायर आधी नीट धुवावा लागतो, आणि त्यासाठी गाडीचा साधा शाम्पू अपुरा पडतो. मी पाण्यात पातळ केलेला क्लीनर आणि आखूड, ताठ केसांचा ब्रश वापरतो. पहिल्या घासणीला चहाच्या चोथ्याच्या रंगाचा फेस निघतो, दुसऱ्या वेळी तो फिकट होतो आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी पांढरा राहतो. फेस पांढरा राहिला की धुणे पुरे. त्यानंतर टायर पूर्ण वाळू द्यावा. अक्षरांच्या उठावात आणि रिमच्या कडेला पाणी लपून बसते. ते फडक्याने टिपून घेतले नाही, तर पॉलिश पाण्यावर तरंगते आणि पुढच्या प्रवासात दारावर येते.

बाजारातल्या टायर पॉलिशचे ढोबळमानाने दोनच प्रकार आहेत. एक पाण्यात कालवलेले, दुधासारखे पांढरे. दुसरे पेट्रोलियम द्रावकात विरघळवलेले, बहुधा पारदर्शक, तेलासारखे आणि रॉकेलच्या जवळपासच्या वासाचे. दोघांतही चमक आणणारा घटक बहुतेक वेळा सिलिकॉनच असतो. ‘आमचे पाण्याचे आहे, यात सिलिकॉन नाही’ असे काउंटरवर छातीठोकपणे सांगितले जाते, पण ते बरेचदा खरे नसते. सिलिकॉन तेल रबराला फारसे अपायकारक नाही. प्रश्न ते ज्यात विरघळवले आहे त्या द्रावकाचा आहे, कारण पेट्रोलियमजन्य तेले आणि द्रावके रबरात शिरतात, रबर फुगवतात आणि वर सांगितलेले संरक्षक घटक बाहेर ओढून घेऊ शकतात. आपल्याकडे काही ठिकाणी टायरवर आणि गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जळके ऑइल फवारण्याची पद्धत आहे. दोन दिवस टायर नवा दिसतो, हे खरे. पण इतक्या मेहनतीने बनवलेल्या रबराशी असे वागलेले मला पाहवत नाही.

म्हणून माझी निवड पांढऱ्या, पाण्यातल्या पॉलिशची आहे. दुकानात बाटली हलवून पाहावी, ज्वालाग्राहीचे चिन्ह आहे का तपासावे, आणि शक्य असल्यास थेंबभर बोटांवर चोळून पाहावे. पाण्यातले पॉलिश साध्या पाण्याने बरेचसे सुटते, द्रावकातले साबणालाही लवकर दाद देत नाही. काही पॉलिश दाट स्वरूपात मिळतात आणि त्यांत आपल्याला हवे तसे पाणी घालता येते. मेग्वायर्स या कंपनीचे हायपर ड्रेसिंग या जातीचे आहे: एकास एक पाणी घातले तर भरपूर चमक, एकास चार घातले तर मंद, नव्या टायरसारखा काळेपणा. मला दुसरे आवडते. ओला दिसणारा टायर दोन मीटरवरून छान वाटतो, पण त्याच्यावर संध्याकाळपर्यंत पुण्याची सगळी धूळ बसलेली असते.

पाण्यातल्या पॉलिशची उणीव म्हणजे ते कमी टिकते. कोरड्या दिवसांत माझ्या गाडीवर दोन आठवडे, क्वचित तीन. पावसाळ्यात दोन दिवसही नाही. द्रावकातले पॉलिश पावसात अधिक तग धरते आणि केवळ याच कारणासाठी ते घेणारे लोक मला ठाऊक आहेत. माझे मत असे आहे की जून ते सप्टेंबर टायर फक्त धुवावेत, लावू काहीच नये. कोकणातल्या लाल चिखलातून आलेल्या टायरला चमकवण्यात काय अर्थ आहे?

लावण्याची पद्धत निवडीइतकीच महत्त्वाची आहे. स्प्रे थेट टायरवर मारू नये, कारण तो ब्रेकच्या डिस्कवर आणि पत्र्यावर उडतो. फोमच्या अर्धगोल तुकड्यावर रुपयाच्या नाण्याएवढे पॉलिश घेऊन टायरच्या बाजूच्या भिंतीवर पातळ पसरावे, दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादाचे पुसून घ्यावे, हवा असल्यास दुसरा तितकाच पातळ हात द्यावा आणि गाडी निदान तासभर, जमल्यास रात्रभर, हलवू नये. पुसून घेण्याची ही पायरी बहुतेक जण गाळतात. माणगावला दिसलेली ठिपक्यांची रांग या एका फडक्याने टळली असती.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागावर कोणतेही पॉलिश कधीही लावू नये, आणि दुचाकीच्या टायरला तर अजिबात लावू नये. मोटारसायकल वळणावर कलते तेव्हा टायरचा कडेचा भाग रस्त्याला टेकतो. तिथे तेलकट थर असेल तर पकड सुटते आणि माणूस आडवा होतो. सर्व्हिसिंगहून आलेल्या स्कूटरचे टायर चमकत असतील, तर चालवण्याआधी साबणाने धुऊन काढावेत.

चमक भेगा झाकते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. जुनी गाडी विकत घेताना टायर फार काळेभोर दिसले तर मी आधी ओल्या फडक्याने एक पट्टा पुसून पाहतो आणि मग उत्पादनाचा आकडा शोधतो. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार अंक असतात. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. भेगाळलेल्या टायरला कोणतेच पॉलिश बरे करत नाही. तो बदलावाच लागतो.

टायरच्या पॉलिशमधले सिलिकॉन रंगाचे काम करणाऱ्यांना का नकोसे असते, हे मला एका वयस्कर पेंटरकाकांनी समजावले. दाराच्या खालच्या भागाला नवा रंग द्यायचा होता. मी ठिपक्यांची हकीगत सांगताच त्यांनी गाडी आधी बाहेर उभी करायला लावली आणि तो पत्रा द्रावकाने तीनदा, प्रत्येक वेळी नवा फडका घेऊन, पुसून काढला. सिलिकॉनचा अंश राहिला तर ताजा रंग त्या जागेवरून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. “एकदा डोळा पडला की घासून पुन्हा पहिल्यापासून,” ते म्हणाले. बफिंगबद्दलचा पहिला धडाही त्यांच्याकडूनच मिळाला: “साहेब, आधी कडा टेपनं झाका. रंग कडेलाच पातळ असतो.”

हे वाक्य मला चार वर्षे आधी ऐकायला मिळाले असते, तर आधीच्या गाडीचे बॉनेट वाचले असते. त्या गाडीला एका गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतले होते. परत मिळाली तेव्हा पत्रा आरशासारखा दिसत होता; पण बॉनेटच्या उभ्या घडीवर सुतळीएवढी राखाडी रेघ होती. रंगाखालचा अस्तराचा थर, म्हणजे प्रायमर, उघडा पडला होता. फिरत्या मशीनवर लोकरीचा पॅड लावून कारागीर त्या घडीवर क्षणभर जास्त थांबला असणार. त्यावर उपाय एकच, पूर्ण बॉनेट पुन्हा रंगवणे.

कारखान्यातून येणाऱ्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून जेमतेम दोन केसांएवढे. त्यातला पारदर्शक थर, ज्याला सगळे क्लिअर कोट म्हणतात, तो ३५ ते ५० मायक्रॉनचा. आपण घासतो तो एवढाच. हलक्या पॉलिशने त्यातला एखाद-दोन मायक्रॉन जातो, कडक कंपाउंडने, म्हणजे जास्त घासणाऱ्या जाडसर पॉलिशने, त्याहून जास्त, आणि गेलेला थर परत येत नाही. पॅड निवडायचा तो हा हिशेब मनात ठेवून.

सोसायटीत रोज सकाळी एकाच बादलीत बुडवलेल्या फडक्याने पुसलेल्या गाड्यांवर ऊन पडले की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोलाकार चरे चमकतात. ते काढण्यासाठीच बहुतेक लोक पॅडकडे वळतात. पॅड तीन जातींचे: लोकरीचा, मायक्रोफायबरचा आणि फोमचा. लोकर सर्वांत वेगाने कापते आणि फोमपेक्षा कमी तापते, पण मागे धूसरपणा ठेवते, जो दुसऱ्या पॅडने काढावा लागतो. रोज पाच गाड्या करणाऱ्या गॅरेजला ती परवडते, घरच्या माणसाला तिची गरज क्वचित पडते. मायक्रोफायबरही जोरात कापतो, मात्र मऊ रंगावर बारीक रेघोट्या सोडतो आणि त्याच्या तंतूंत घासलेला रंग लगेच अडकतो. घरी वापरायला फोम उत्तम. त्यात कडक फोम कापण्यासाठी, मध्यम फोम पॉलिशसाठी आणि बोटाने सहज दबणारा मऊ फोम शेवटचा हात फिरवण्यासाठी किंवा वॅक्स लावण्यासाठी असतो.

सर्वांत मोठा घोटाळा रंगांचा आहे. पॅड पिवळा, नारिंगी, पांढरा, काळा मिळतो, आणि रंगावरून कडकपणा कळतो असा समज आहे. प्रत्यक्षात कंपन्यांमध्ये त्याबाबत एकवाक्यता नाही. इटलीच्या रुपेस कंपनीचा पिवळा फोम बारीक पॉलिशसाठीचा असतो; तिच्याकडे निळा सर्वांत कडक, मग हिरवा, मग पिवळा आणि शेवटी पांढरा. लेक कंट्री या अमेरिकन कंपनीच्या जुन्या, प्रसिद्ध मालिकेत पिवळा पॅड कापण्याचा, नारिंगी हलक्या कापणीचा, पांढरा पॉलिशचा आणि काळा शेवटच्या हाताचा. म्हणजे एकाचा पिवळा चरे काढून टाकणारा आणि दुसऱ्याचा पिवळा चमक आणणारा. ‘भाऊ, पिवळा द्या’ असे म्हणून घेतलेला पॅड यांपैकी कोणता निघेल हे सांगता येत नाही. त्यात कंपनीचे नावच नसलेले, सहा रंगांचे स्वस्त संच आले की रंग निव्वळ शोभेचा उरतो. मी पॅड हातात घेऊन अंगठ्याने मध्यभागी दाबतो, सोडल्यावर किती झटकन वर येतो ते पाहतो, मागच्या वेल्क्रोची चिकटाई कडेला ओढून तपासतो आणि मगच घेतो. वेल्क्रो सुटलेला पॅड चालत्या मशीनवरून उडून गेला, तर पॅडमागची मशीनची कडक चकती उघडी पडून रंगावर आपटते.

मशीनची जात पॅडइतकीच ध्यानात घ्यावी. फक्त गोल फिरणारे मशीन ताकदवान असते, पण एका जागी उष्णता साठवते. फिरता फिरता डुलणारे मशीन, ज्याला सगळे ड्युअल अॅक्शन किंवा नुसते ‘डीए’ म्हणतात, ते सावकाश काम करते आणि नवख्याला क्षमा करते. अशा मशीनवर जाड फोम लावू नये. तो मशीनचे डुलणे स्वतःच गिळून टाकतो आणि रंगापर्यंत काम पोचत नाही. पॅड मागच्या चकतीपेक्षा थोडा मोठा हवा, म्हणजे चकतीची कडा पत्र्याला लागत नाही: पाच इंची चकतीला साडेपाच ते सहा इंची पॅड. खांब, आरशाचे कव्हर आणि बंपरच्या वळणांसाठी तीन इंची पॅड वेगळा ठेवावा. चकतीच्या कडेवर मार्करने एक काळी रेघ ओढली तर पॅड खरोखर फिरतो आहे की नुसता थरथरतो आहे, ते डोळ्यांना दिसते. वळणावर हात जड पडला की तो फिरायचा थांबतो.

आणि एका पॅडने पूर्ण गाडी होत नाही. घासून निघालेला रंग आणि वापरलेले कंपाउंड फोममध्ये साचते, तो जड होतो, तापतो, मधोमध बसतो. मध्यम आकाराच्या गाडीला एका प्रकारचे निदान तीन-चार पॅड लागतात. एक भारी पॅड घेण्यापेक्षा बऱ्यापैकी दर्जाचे चार घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

निवड पक्की होते ती मात्र पत्र्यावरच. बॉनेटवर दीड फूट चौरसाचा तुकडा टेपने आखून घ्यावा. गाडी धुतलेली, रंगाला चिकटलेले कण ओढून काढणाऱ्या, चिकणमातीसारख्या क्ले बारने साफ केलेली आणि सावलीत गार झालेली असावी. मी सुरुवात सर्वांत सौम्य जोडीने, म्हणजे मऊ किंवा मध्यम फोम आणि बारीक पॉलिशने, करतो. कोऱ्या पॅडवर पॉलिश बोटाने पातळ चोपडून घेतो, वर मटारच्या दाण्याएवढे चार थेंब ठेवतो आणि मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवून तुकडाभर पसरवतो. मग मशीन सुरू करून आधी आडवे, नंतर उभे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवत, सेकंदाला इंचभर या गतीने चार-पाच फेऱ्या. ओला थर हळूहळू पारदर्शक होत जातो. पुसल्यावर लगेच खूश होऊ नये, कारण पॉलिशमधले तेल चरे भरून दाखवते. पाण्यात मिसळलेले आयसोप्रोपाइल अल्कोहोल मारून ते तेल पुसावे आणि टॉर्च तिरपा धरून पाहावे. चरे गेले असतील तर पूर्ण गाडीला हीच जोडी. राहिले असतील तर आधी पॉलिश एक पायरी कडक करावे, मग पॅड. माझ्या निळ्या गाडीला मध्यम फोम पुरेसा ठरला; चार-दोन खोल ओरखडे मी मुद्दाम तसेच ठेवले आहेत. ते नखाला लागतात, आणि नखाला लागणारा ओरखडा घासून काढायचा म्हणजे क्लिअर कोटच्या मुळावर जायचे.

प्रत्येक तुकड्यानंतर पॅडला ब्रश लावावा. काम संपल्यावर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, न पिळता नुसता दाबून पाणी काढावे आणि सावलीत वाळवावा. कंपाउंड वाळून खडा झालेला पॅड पुन्हा वापरला तर तो स्वतःच चरे पाडतो. खाली पडलेला पॅड तर धुतल्याशिवाय उचलून लावूच नये. वाळूचा एक कण पुरतो.

या दिवाळीआधी बाबांच्या लाल मारुती ८०० ला हात लावला. गाडी १९९८ ची, रंग एकाच थराचा, वर क्लिअर कोट नाही. पहिल्याच फेरीला पांढरा पॅड कुंकवासारखा लाल झाला. असा रंग पॅडवर येणे ही चूक नाही; या जुन्या रंगात वरचा वाळलेला, फिकट पडलेला थरच निघतो आणि खालचा ताजा लाल वर येतो. पण बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, ते उठून जवळ आले.

“रंग उतरतोय का रे?”

“हो बाबा. थोडासा.”

“मग शिल्लक किती आहे?”

जाडी मोजण्याचे यंत्र काढून बॉनेटवर पाच ठिकाणी टेकवले. ९२, ८८, ९०, ८५, आणि पुढच्या कडेला ६१. त्यांनी ते आकडे गाडीच्या सर्व्हिसच्या वहीत, जिथे ऑइल बदलल्याच्या तारखा लिहिलेल्या असतात तिथे, तारखेसह लिहून घेतले आणि पुढच्या कडेवर टेपची आणखी एक पट्टी स्वतःच्या हाताने चिकटवली. मी कडक पॅड पेटीत परत ठेवला आणि उरलेली गाडी मऊ फोमने केली.